खोगीर, डबलसीट आणि फोम

गणपतीला दोन-तीन आठवडे राहिले की आमच्या दिव्यात दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक अर्थात स्टेशनवर, कारण सावंतवाडीची पॅसेंजर इथूनच सुटते. आणि दुसरी रस्त्याकडेच्या सीट कव्हरवाल्यांकडे. ज्यांना तिकीट मिळालं नाही, किंवा गाडीत उभं राहायलाही जागा मिळणार नाही हे ज्यांना ठाऊक आहे, ते बाईक काढतात. दिवा, शीळफाटा, पनवेल, पेण, वडखळ, माणगाव, महाड, कशेडी, मग चिपळूण. सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. चिपळूणच्या पुढे गाव असेल तर तो हिशोब वेगळाच. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्याबद्दल मी आज काही बोलणार नाही. आज बोलायचंय ते त्या रस्त्यावर आपण ज्याच्यावर बसतो त्या गादीबद्दल.

प्रश्न साधा आहे. लाखभर रुपयांची गाडी घेतो, तिच्यावर दोन तास बसलं की बूड बधिर होतं, आणि मग शे-पाचशे रुपये देऊन कोपऱ्यावरच्या सीटवाल्याकडून ती दुरुस्त करून घ्यावी लागते. असं का? कंपनीला गादी बनवता येत नाही का? येते. पण गादी नेहमी कुणाला तरी डोळ्यांपुढे ठेवून बनवली जाते, आणि तो कोण हे काळाप्रमाणे बदलत गेलं. या गादीचा इतिहास मला तरी असाच वाचावासा वाटतो.

सुरुवात घोड्यापासून करू. मराठी माणसाला लांबच्या प्रवासाला बैठक लागते हे कळलं ते तिथेच. आपल्याकडे खोगीर म्हणजे कापडाची किंवा नमद्याची, आत भरणा केलेली जाड गादी. या भरण्यात काय वाट्टेल ते कोंबत असणार, कारण ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण आजही निरुपयोगी भर या अर्थाने वापरतो. कमिटीत चार कामाची माणसं आणि बाकी खोगीरभरती. म्हणजे गादीच्या आत काय आहे हे वरून दिसत नाही, आणि म्हणून तिथेच फसवणूक होते, हे भाषेनेच नोंदवून ठेवलंय.

दुसरा शब्द मला त्याहून महत्त्वाचा वाटतो: मांड. घोड्यावर मांड ठोकायची, मांड पक्की ठेवायची. मांड हे मांड्यांचं काम आहे. चांगला स्वार सगळं वजन बुडावर टाकत नाही, मांड्या आणि रिकीब यांच्यात वाटून घेतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि तिसरी जोडी शिलेदार-बारगीर. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन यायचा. घोडा पडला, खोगीर फाटलं, तर शिलेदाराचं नुकसान शिलेदाराच्या पदरात.

घोड्यावरून थेट सायकलवर येऊ. ‘डबलसीट’ हा आपला लाडका शब्द मोटरसायकलच्या आधी सायकलचा आहे. गंमत म्हणजे सायकलला दुसरी सीट नसतेच. असतो तो नळीचा दांडा नाहीतर मागचं कॅरिअर. तरी आपण म्हणतो डबलसीट. शहरातले पोलीस डबलसीटवाल्याला अडवत, तसंच रात्री बिनदिव्याच्या सायकलवाल्यालाही. (दिव्यात राहणाऱ्याने हा विनोद करायचा नाही असं ठरवलं होतं, पण झाला.) सायकलने मोटरसायकलला दिली ती मात्र एकच गोष्ट: एकट्याचं चामडी सॅडल, खाली दोन जाड स्प्रिंगा.

त्या स्प्रिंगा शोभेच्या नव्हत्या. जुन्या मोटरसायकलींच्या मागच्या चाकाला सस्पेन्शनच नसायचं. चाक सरळ चौकटीला बांधलेलं. खड्ड्याचा दणका चौकटीतून थेट माकडहाडात जायचा, आणि मध्ये अडवायला सीटच्या स्प्रिंगा तेवढ्या. म्हणजे गादी आणि सस्पेन्शन ही एकच वस्तू होती. आणि ती एकट्या चालकाचीच. मागे कुणी बसलंच तर त्याला मडगार्डवर ठोकलेली छोटी उशी.

आपल्या भागात हे बदललं ते स्कूटरने. दिव्याहून लोकल धरली तर मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर आणि भांडुप. त्या भांडुपला ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, १९५० च्या दशकापासून इटलीच्या इनोसेंटी कंपनीच्या लँब्रेटा जुळवू लागली. तिकडे पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने व्हेस्पा केली, आणि १९७२ पासून चेतक. जुन्या स्कूटरींवर दोन वेगळ्या सीटा असायच्या, पुढे एक, मागे एक, दोन्ही खाली स्प्रिंगवाल्या. मागे बसणाऱ्याला स्वतःची, चालकाच्या तोडीची जागा मिळाली ती या गाड्यांवर. आणि पुढे पाय ठेवायच्या जागेत उभं राहिलेलं पोर, ही कुठल्याही इटालियन इंजिनिअरने न काढलेली तिसरी सीट. कुटुंबाचं वाहन म्हणून स्कूटर चालली त्याचं श्रेय लोक मायलेजला देतात, मी निम्मं तरी त्या मागच्या सीटला देईन.

मोटरसायकलचं काय चाललं होतं? मागच्या चाकाला झुलता हात आणि दोन शॉकअब्सॉर्बर आले. एन्फिल्डची बुलेट १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशीच आली, आणि १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. त्याच सुमारास, १९५० साली, नॉर्टनच्या रेसिंग गाडीला बेलफास्टच्या मॅक्कॅंडलेस बंधूंनी अशी चौकट दिली की तिच्या एका स्वाराने तिला पिसांच्या गादीची उपमा दिली म्हणतात. तेव्हापासून ती चौकट ‘फेदरबेड’. बघा, गादी न बदलता गादीचं नाव मिळालं. कारण दणका अडवायचं काम आता खालून होत होतं. मग सीटखालच्या स्प्रिंगा गेल्या आणि लांब, सपाट, बाकासारखी एकच सीट आली. राजदूत, जावा, येझदी या सगळ्यांवर आपण तीच पाहिली.

या बाकाला आत भरायला नवं काहीतरी लागणार होतं. पूर्वी काथ्या भरत, तो दबून ढेकळं व्हायची. १९२९ च्या सुमारास इंग्लंडात डनलप कंपनीच्या मर्फी नावाच्या संशोधकाने रबराचा चीक केकच्या पिठासारखा फेटून त्याचा फेस घट्ट केला. तेच लेटेक्स फोम. ‘डनलपची गादी’ हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होता तो तिथून आला. पुढे १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायरने पॉलियुरेथेन शोधलं, १९५० च्या दशकात त्याचा मऊ फोम निघू लागला, आणि आज आपल्या सीटमध्ये बहुतेक तोच असतो. वरचं कापड म्हणजे रेक्झिन. हे नाव मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीच्या नकली चामड्याचं. माल केव्हाच बदलला, आता पीव्हीसी असतं, पण आपण रेक्झिनच म्हणतो.

आता मागे बसणाऱ्याकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. इंग्रजीत मागच्या सीटला ‘पिलियन’ म्हणतात. हा मूळचा गेलिक शब्द, घोडेस्वाराच्या मागे बाईला बसण्यासाठी ठेवायच्या उशीचा. म्हणजे शब्दातच बाई आहे. आपल्या कायद्यातही ती आहे, नाव न घेता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे मागे एकालाच बसवता येतं, आणि तेही चालकामागे पक्क्या बसवलेल्या योग्य सीटवर. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो की धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं काहीतरी हवं, म्हणजे मागच्या माणसाचे कपडे अडकणार नाहीत. तेच आपलं साडी गार्ड.

१९८५ च्या आसपास जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या आल्या, तेव्हाही सीट लांब आणि सपाट होती. साडी नेसून एका बाजूला बसणारी बाई त्यावर नीट बसायची, मध्ये एखादं पोरही मावायचं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत स्पोर्ट्स दिसण्याची हौस आली. शेपूट वर गेली, सीटचे दोन तुकडे झाले, मागचा तुकडा उंच, अरुंद आणि पुढे उतरता. ब्रेक मारला की मागचा पुढच्यावर. एका बाजूला बसायचं म्हटलं तर अर्धी बैठक हवेत. त्या सीटवरून माझ्या आईला मी शीळफाट्यापर्यंतही नेणार नाही, महाड तर सोडाच. शोरूममध्ये गाडी बघायला येतो एकटा तरुण, गादी त्याच्यासाठी. गावाला जाताना मागे बसणारी आई किंवा बायको त्या चित्रात नाहीच.

ती चित्रात येते सीटवाल्याकडे. इथल्या एका सीटवाल्याच्या पुढ्यात मी दोन दुपारी बसलो होतो. तो गिऱ्हाइकाला पहिलं विचारतो: एकटा चालवता की मागे कुणी असतं? मग गाडीवर बसवून बघतो, मागचा माणूस सोबत असेल तर त्यालाही. मग सीट उलटी करून कव्हरच्या पिना उपटतो.

त्याचं काम बघून कळलं की आपण सगळे मऊपणाच्या मागे लागून फसतो. माणूस बसतो तो दोन हाडांवर, बैठकीच्या. फोम फार मऊ असेल तर ती हाडं अर्ध्या तासात त्याला तळापर्यंत दाबतात आणि खालच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर टेकतात. दुकानात अंगठ्याने दाबून घेतलेला, मस्त वाटणारा फोम नागोठण्याला हरतो. म्हणून तो खाली चुऱ्याचा, म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून केलेला घट्ट थर लावतो आणि वर मऊ थर जेमतेम अर्धा-एक इंच. डेन्सिटीचंही तसंच. ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन चाळीस किलो. यावरून तो किती टिकेल याचा अंदाज येतो, किती कडक आहे ते नाही कळत. सरसकट जास्त डेन्सिटीचा फोम मागणारं गिऱ्हाईक आलं की तो मान डोलावतो आणि आपल्या मनाचंच लावतो.

पण त्याची खरी कारागिरी भरण्यात नाही, कापण्यात आहे. लांब पात्याच्या सुरीने तो टाकीकडचा उतार कमी करतो, म्हणजे माणूस घसरत पुढे जात नाही. माकडहाडाच्या जागी उथळ खळगा करतो. आणि मागचा भाग जमेल तेवढा रुंद करतो, कडेला पट्ट्या चिकटवून, म्हणजे मांडीलाही टेकू मिळतो. झाली की नाही मांड? कॅलिफोर्नियात रसेल ‘डे-लाँग’ नावाच्या सीटा मिळतात, दोन्ही बाजूंना पंख काढल्यासारख्या, दिवसभर गाडी चालवणाऱ्यांसाठी. चोवीस तासांत हजार मैल चालवण्याचा तिकडे एक प्रकार आहे, त्याचं नावच ‘सॅडलसोअर’, म्हणजे खोगिराने झालेली जखम. त्या मंडळींत अशा सीटांना मान आहे. दिव्यातल्या सीटवाल्याने ती कधी पाहिलेली नाही, पण तोही त्याच आकाराशी आलाय.

त्याच्या दोन सूचना सांगून ठेवतो. कव्हर ढोलकीसारखं ताणून मागू नका, रेक्झिन फार ताणलं की खालचा फोम दबतच नाही. आणि शिवणीतून पाणी आत जातं, म्हणून फोमवर आधी प्लॅस्टिक लावून घ्या. श्रावण-भाद्रपदातला कोकणातला पाऊस एकदा फोममध्ये शिरला की घाटात पुढची शंभर किलोमीटर ओल्या पोत्यावर बसल्यासारखी जातात.

ऑनलाइन मिळणाऱ्या हवेच्या पिशव्यांचंही बरेच जण विचारतात. त्यांचं मूळ दवाखान्यात आहे. व्हीलचेअरवरच्या रुग्णांना एकाच जागी दाब पडून जखमा होतात, त्यासाठी एकमेकांना जोडलेल्या हवेच्या छोट्या कप्प्यांची गादी अमेरिकेत निघाली, आणि तिच्याच निर्मात्यांनी पुढे मोटरसायकलसाठी ‘एअरहॉक’ आणली. तत्त्व चांगलं आहे, फक्त लोक ती फुग्यासारखी फुगवतात. हवा इतकीच हवी की हाडं तळाला जेमतेम टेकणार नाहीत. टॅक्सीवाल्यांचं लाकडी मण्यांचं कव्हरही वाईट नाही, खालून वारा जातो. मागे जड सामान आणि माणूस असेल तर मागच्या शॉकअपची कडी एक-दोन खाचा वाढवून घ्या, नाहीतर चांगली सीट करूनही दणका तसाच बसतो.

सीटवाल्याकडे वर्षभर येणारं गिऱ्हाईक मात्र गणपतीवालं नाही. ते आहेत डिलिव्हरीची पोरं, ठाणे-डोंबिवलीत दिवसाचे दहा-बारा तास गाडीवर. कंपनी त्यांना टी-शर्ट आणि पाठीवरची बॅग देते, तीही अनेकदा पैसे कापून. गाडी, पेट्रोल आणि सीट त्यांची स्वतःची. शिलेदारच म्हणायचे. त्यांच्या सीटचा पुढचा अर्धा भाग सहा-आठ महिन्यांत बसतो, मागचा तसाच कोरा राहतो, कारण मागे असते ती बॅग. सीटवाला मग मागचा चांगला फोम कापून पुढे लावतो आणि मागे चुरा भरतो. पैसे फक्त मजुरीचे घेतो.

गणपतीसाठी सीट करायची असेल तर निघायच्या निदान पंधरा दिवस आधी टाका. नवा फोम बसायला तेवढा वेळ लागतो, आणि कुठे टोचतंय ते शीळफाट्यापर्यंतच्या दोन-चार फेऱ्यांत कळलं तर बदलून घेता येतं. चला, पुढच्या भागात भेटू.