आकाशातील पाऊलखुणा

महाभारताच्या शांतिपर्वात ज्ञानी पुरुषाच्या गतीस आकाशातील पक्ष्याची उपमा दिलेली आहे. पक्षी उडून गेला की त्याच्या मार्गाची खूण मागे राहत नाही, तसाच ज्ञान्याचा मार्गही दिसत नाही, हा तिचा भाव. मनुष्यास पंख लाभून पुरती सव्वाशे वर्षेही झाली नाहीत, तोच ही उपमा निदान त्याच्यापुरती तरी लटकी पडली आहे. हिवाळ्यातील एखाद्या स्वच्छ सकाळी गच्चीवर उभे राहून वर पाहावे, तो एक पांढरीशुभ्र रेघ निळ्या आकाशावर ओढली जात असते. तिच्या टोकाशी असलेले विमान दिसते न दिसते. पण त्याची वाट मात्र स्पष्ट उमटलेली असते. ही रेघ कशाची, असा प्रश्न घरातील मुले विचारतात आणि 'धूर आहे' असे सांगून वडीलमाणसे मोकळी होतात.

परंतु तो धूर नव्हे. विमानाच्या इंधनात हायड्रोजन असतो. ते जळताना या हायड्रोजनाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पाणी तयार होते. एक किलोग्रॅम इंधन जळाले म्हणजे सुमारे सव्वा किलोग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. इंधनाहून पाणी अधिक कसे, असे कोणी विचारील; तर वरचा भार हवेतून घेतलेल्या प्राणवायूचा, हे त्याचे उत्तर. आता दहा-अकरा किलोमीटर उंचीवरील हवा शून्याखाली चाळीस अंश किंवा त्याहूनही थंड असते. त्या हवेत ही उष्ण, दमट वाफ मिसळताच तिचे पाणी होते, ते काजळीच्या सूक्ष्म कणांभोवती जमते आणि लागलीच गोठते. थंडीच्या दिवसांत पहाटे बोलताना आपल्या तोंडातून वाफ दिसते, तिचाच हा थोर अवतार. ती रेघ म्हणजे बर्फाच्या कणांचा एक लांबट ढग होय.

ही गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या काळापासून वैमानिकांच्या व निरीक्षकांच्या दृष्टीस पडत होती. परंतु विमाने सहसा फार उंच जात नसल्यामुळे ती एक कुतूहलाची बाब होऊन राहिली. दुसऱ्या महायुद्धाने तिला निराळेच महत्त्व आणून दिले. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आग्नेय भागावर इंग्रज व जर्मन विमानांची झुंज चालली असता, शेतात उभ्या असलेल्या माणसांस विमाने दिसत नसत. दिसत त्या एकमेकींत गुंतलेल्या पांढऱ्या वेटोळ्या. पॉल नॅश या चित्रकाराने १९४१ साली त्या युद्धाचे चित्र काढले, तेव्हा त्याच्या आकाशाचा बराच भाग या वेटोळ्यांनीच व्यापला. खालून पाहणाऱ्यास ती शोभा वाटली असेल. वरच्या वैमानिकाच्या दृष्टीने मात्र ती त्याच्या शत्रूला दिलेली वर्दी होती. आपण कोठे आहोत हे लपविणे ज्याच्या प्राणांसाठी आवश्यक, त्याच्याच यंत्राने त्याच्यामागे मैलोगणती लांबीची खूण ओढत जावे, याहून मोठा विश्वासघात कोणता?

म्हणूनच रेघ कोणत्या उंचीवर उमटेल आणि कोणत्या उंचीवर उमटणार नाही, हा प्रश्न शास्त्रीय कुतूहलाचा न राहता जीवनमरणाचा झाला. एर्न्स्ट श्मिट या जर्मन शास्त्रज्ञाने १९४१ साली त्याचे गणित मांडले. बाहेरील हवेचे तापमान, तिचा दाब व तिच्यातील ओलावा कळला, तर रेघ उमटेल की नाही हे आधीच सांगता येते, असे त्याने दाखविले. पुढे १९५३ साली अमेरिकेच्या ॲपलमनने तेच गणित जेट विमानांसाठी सिद्ध केले. आजही तो नियम श्मिट-ॲपलमन या जोडनावानेच ओळखला जातो. परस्परांशी लढलेल्या दोन राष्ट्रांतील शास्त्रज्ञांची नावे एका नियमात अशी शेजारी बसावीत, यात आम्हांस काही समाधान वाटते. या रेघा म्हणजे कोणी गुप्तपणे केलेली विषाची फवारणी होय, असे मानणारे लोक अलीकडे आढळतात. त्यांनी युद्धकाळातील छायाचित्रे एकवार पाहावीत.

रेघ उमटली तरी ती किती काळ टिकेल, हे वरच्या हवेवर अवलंबून असते. हवा कोरडी असली तर ती क्षणार्धात विरते. हवा ओलसर व अतिशीत असली तर ती तासन्‌तास राहते, पसरते आणि अखेर तंतुमेघांत मिसळून जाते. २०१७ साली जागतिक हवामान संघटनेने आपल्या मेघसंग्रहात अशा मानवनिर्मित ढगांस स्वतंत्र नावही दिले.

आता हे ढग पृथ्वीचे काय करतात? येथे युद्धाचा इतिहास पुन्हा साक्षीस येतो. ११ मे १९४४ रोजी सकाळी आग्नेय इंग्लंडमधून हजाराहून अधिक विमाने युरोपकडे झेपावली. आकाश एरवी निरभ्र होते. त्या दिवसाच्या हवामानाच्या नोंदी संशोधकांनी पुढे तपासल्या आणि २०११ साली असे प्रसिद्ध केले की, ज्या भागावरून ही विमाने गेली, तेथे सकाळचे तापमान शेजारच्या भागाहून मंद गतीने चढले. बाँब टाकावयास निघालेल्या त्या तरुणांच्या ध्यानीमनी नसता त्यांच्या हातून एक शास्त्रीय प्रयोग घडून गेला होता! सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर तेथील विमाने तीन दिवस जमिनीवर राहिली, तेव्हा दिवस-रात्रीच्या तापमानांतील अंतर सुमारे एक अंशाने वाढल्याचे काहींनी सांगितले; इतरांनी त्याचे श्रेय नेहमीच्या हवापालटास दिले. तो वाद असो. या रेघा दिवसा काही ऊन परतवितात, पण जमिनीची उष्णता अडवून ठेवतात, रात्री तर अडविण्याचेच काम करतात. आणि एकूण जमाखर्च उष्णतेच्या बाजूस पडतो, याविषयी शास्त्रज्ञांत बव्हंशी एकमत आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात विमानांच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षाही या ढगांचा परिणाम अधिक असावा असा अंदाज केला आहे. मात्र या अंदाजात अनिश्चितताही मोठी आहे.

सुदैवाची गोष्ट ही की, उपाय जुन्याच गणितात आहे. थोड्याच उड्डाणांच्या रेघा दीर्घकाळ टिकतात. ओलसर हवेचा तो थर टाळून विमान थोडे वर वा खाली नेले, की रेघ टिकतच नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात सत्तर उड्डाणे अशा रीतीने नेली असता रेघा निम्म्याहून अधिक घटल्या. त्यासाठी इंधन थोडे जास्त लागले, हेही खरे.

सन १९४१ मध्ये वैमानिक उंची बदलीत असे तो स्वतःचा जीव वाचविण्यासाठी. आज तीच उंची तो बदलील ती, ज्यांना त्याने कधी पाहिले नाही व पाहणारही नाही, अशांसाठी. पहिल्या कामास भीती पुरेशी होती. दुसऱ्यास विवेक लागेल, आणि त्याचा खर्च तिकिटाच्या पैशांतून आपणांसच सोसावा लागेल. पक्ष्याची मागमूस न ठेवणारी गती मनुष्यास साधणार नाही, हे खरे. पण मागे काय ठेवावयाचे याचा विचार तरी त्याने करावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.