घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन : पाईप आणि फिटिंग कसे निवडतात? जाणून घ्या

मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये पायलट अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. अमेरिकेत तर हजारो लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये अशी विमानं बांधली आहेत.

अशा विमानाचं इंजिन बहुतेक वेळा कारखान्यातून तयार येतं. मात्र पेट्रोल आणि ऑइल नेणारे पाईप बांधणारा स्वतः जोडतो. ट्रॅक्टरचा डिझेल पाईप फुटला तर बांधाला थांबता येतं, आकाशात थांबायला जागा नाही. गळालेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर आग लागते. ऑइल गेलं तर थोड्याच वेळात इंजिन जाम होतं.

पाईप कोणता घ्यावा?

साधा रबरी पाईप स्वस्त पडतो, पण उष्णतेने आतून कडक होतो आणि चिरतो. त्यात आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही, रबर फुगतं आणि त्याचे कण सुटतात. म्हणून अनेक जण आत टेफलॉन आणि बाहेर स्टीलची जाळी असलेला पाईप घेतात. त्याला रबरासारखं वय लागत नाही. पण उष्णतेने एकदा बाक आला की तो जबरदस्तीने सरळ करू नये, आतून मोडतो.

इंजिनच्या बाजूच्या पेट्रोल-ऑइलच्या पाईपवर आगरोधक आवरण हवंच. विमानाच्या दर्जाचा असा पाईप सुमारे १,१०० अंश सेल्सिअसच्या ज्वाळेत ५ मिनिटं टिकला पाहिजे, अशी चाचणी असते. ही ५ मिनिटं म्हणजे खाली उतरायला मिळालेला वेळ.

नंबर कसा वाचायचा?

पाईपचा नंबर इंचाच्या सोळाव्या भागात असतो आणि तो जोडीच्या धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास सांगतो. ६ नंबर म्हणजे आपल्या भाषेत ३ सूत, ८ नंबर म्हणजे ४ सूत.

फिटिंगमध्ये फसगत कुठे होते?

विमानाच्या 'एएन' फिटिंगचं तोंड ३७ अंशाचं असतं. गाड्यांमध्ये ४५ अंशाचं फिटिंगही येतं. दोन्ही एकमेकांवर आवळले तर बसल्यासारखे वाटतात, पण गळतात. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर मिळणारं 'जेआयसी' फिटिंगही ३७ अंशाचंच असतं, मात्र विमानाच्या फिटिंगचे आटे जास्त काटेकोर कापलेले असतात. त्यामुळे दिसायला सारखं आहे म्हणून घेऊ नये.

इंजिनच्या बाजूला ॲल्युमिनियमपेक्षा स्टीलचं फिटिंग बरं, कारण ॲल्युमिनियम आगीत लवकर वितळतं. ३७ अंशाच्या तोंडावर टेफलॉन टेप कधीच गुंडाळू नये. तिथे धातू धातूवर बसूनच गळती थांबते. टेपचा तुकडा आत गेला तर कार्बोरेटर तुंबतो.

बसवताना हे पाळा

• पाईप ताणून बसवू नका. दाब आला की त्याची लांबी बदलते. मापापेक्षा ५ ते ८ टक्के जास्त, म्हणजे १ मीटरला ५ ते ८ सेंटीमीटर सैल ठेवा.
• पाईपवरची लांब रेघ सरळ दिसली पाहिजे. ती गोल फिरली असेल तर पाईपला पीळ पडला आहे.
• सायलेन्सरपासून लांब ठेवा. पेट्रोल पाईपमध्येच उकळलं तर वाफ अडकून इंजिन बंद पडतं.
• पाईप कुठेही घासू देऊ नका, ठिकठिकाणी क्लॅम्पने धरा.
• जोडलेला पाईप इंजिनवर चढवण्याआधी रोजच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन तपासा. ही तपासणी तेलाने किंवा पाण्याने करा, हवेने नको. फुटला तर इजा होते.

बदलायचा कधी?

हलक्या विमानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स ९१२ इंजिनावरचे रबरी पाईप दर ५ वर्षांनी बदलायचे असतात, विमान उडो वा न उडो. रबर उभ्या यंत्रातही म्हातारं होतं. म्हणून घेताना पाईपवर छापलेली तारीख बघा आणि बसवल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला पाईप नवा धरू नये.

आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नोंदणी आणि परवानगीशिवाय कोणतंही विमान उडवता येत नाही, हेही लक्षात ठेवा.