साडेतीन टक्क्यांची गोष्ट

मी राहतो मोहन्यात. आंबिवली स्टेशनला उतरलात की आमच्याकडे पत्ता आजही कारखान्यावरूनच सांगतात, एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन. 2009 ला तो बंद पडला, पण नाव काही जात नाही. सुताच्या गावात वाढल्यामुळे असेल, 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के टॅरिफ लावला तेव्हा माझ्या डोक्यात आधी कापडच आलं. आणि कापडावरून आठवला एक जुना कर. फक्त साडेतीन टक्के!

तर चला मागे. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, ताडदेवला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्या भराभर वाढल्या. त्या वेळी बाहेरून येणाऱ्या कापडावर साधारण 5 टक्के जकात होती. सरकारला ती हवी होती तिजोरीसाठी, पण मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना वाटलं की हे मुंबईला संरक्षण आहे. त्यांना लंडनच्या पार्लमेंटमध्ये मतं होती. मुंबईला तिथे कोण विचारतंय?

1879 मध्ये व्हाइसरॉय लिटनने स्वतःच्याच कौन्सिलचं बहुमत बाजूला सारून जाड्याभरड्या कापडावरची जकात काढली. 1882 मध्ये उरलेलीही गेली. नाव दिलं खुला व्यापार. मला यात खटकतं ते हे, की दरवाजा कोणी कधी उघडायचा हे एकच बाजू ठरवत होती.

मग 1894 ला रुपया घसरला, तिजोरीत खड्डा पडला. जकात परत आणणं भाग होतं. आता गंमत ऐका. मँचेस्टरची समजूत काढायला सरकारने इथल्या गिरण्यांच्या मालावरही कर बसवला. 1896 मध्ये हिशोब पक्का झाला: विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात, आणि देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी. म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच कापसाचं कापड विणलं, तरी 100 रुपयांमागे साडेतीन रुपये भरा! बरं, मुंबईच्या गिरण्या बहुतेक जाडंभरडं कापड काढायच्या, मँचेस्टर तलम. स्पर्धा फारशी नव्हतीच. तरी कर. टिळकांनी त्याच वर्षी विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली. स्वदेशी म्हटलं की आपल्याला 1905 आठवतं, पण महाराष्ट्रात त्याची ठिणगी या करावर पडली होती.

पहिल्या महायुद्धात पैसा लागला तशी विलायती कापडावरची जकात साडेसात टक्के झाली, 1921 मध्ये अकरा. अबकारी मात्र साडेतीनच, हललीच नाही. आर्थिक स्थिती सुधारली की काढू, असं आश्वासन तेवढं मिळालं होतं. तोवर जपानी माल आला, मंदी आली, आणि 1925 मध्ये मालकांनी जाहीर केलं की कामगारांच्या पगारात साडेअकरा टक्के कपात.

हे कामगार कोण? रत्नागिरीचे, साताऱ्याचे, घाटावरचे. तुमच्या-माझ्या घरातलं कुणीतरी परळ-लालबागच्या चाळीत राहिलेलं असतंच ना, तेच. सप्टेंबरमध्ये साधारण दीड लाख लोक संपावर गेले. कित्येकांनी सरळ गावची वाट धरली, कारण चाळीत बसून खायचं काय? गावी निदान भाताचं तरी बघता येतं. मालक म्हणत होते, अबकारी काढा, मग कपात मागे घेतो. म्हणजे कर लंडनच्या दबावाचा, मागणी मालकांची, आणि उपाशी कामगार! अडीच महिने गेले. शेवटी व्हाइसरॉयने अबकारी स्थगित केली, कपात रद्द झाली, 1 डिसेंबरच्या सुमारास संप मिटला. पुढच्या वर्षी करही कायमचा गेला.

इतकी वर्षं अर्ज-विनंत्या, कौन्सिलमधली भाषणं यांनी जे झालं नाही ते यंत्रं थांबल्यावर झालं. माझ्या मते याचं श्रेय शाळेच्या पुस्तकांनी कामगारांना अजून नीट दिलेलं नाही. फायदा मात्र आधी मालकांना मिळाला, कामगारांना फक्त जुना पगार परत.

आणि लगेच तीनच वर्षांनी, 1928 मध्ये, याच गिरण्यांत त्याहून मोठा संप झाला. तो पुढच्या भागात. ऐकत राहा!