न पोहोचलेल्या मेसेजचा इतिहास कुठे शोधायचा?

१६ एप्रिल २००७. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार चालू होता, आणि काही विद्यार्थी ९११ या आपत्कालीन नंबरवर मेसेज पाठवून बघत होते. एकही पोहोचला नाही, कारण ९११ ला मेसेज घेण्याची सोयच नव्हती. तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, पुढे सुधारणांची गरज सांगताना हाच दाखला दिला. त्यामुळे बरेच जण या विषयाची सुरुवात इथूनच करतात.

मला ती सुरुवात पटत नाही. थोडं मागे जाऊ. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टेलिप्रिंटर साध्या फोनला जोडायची युक्ती काढली. इकडे टाइप करायचं, अक्षरांचे सूर होऊन तारेतून जायचे, तिकडे मजकूर उमटायचा. याला टीटीवाय म्हणतात. ९११ वर पहिला कॉल झाला १९६८ मध्ये, म्हणजे लिहून बोलणारा फोन ९११ पेक्षा जुना! १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने ९११ केंद्रांना टीटीवायचे कॉल थेट घेणं बंधनकारक केलं. ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा. मध्ये तिसरा माणूस नको.

मग मोबाइल आला. कर्णबधिर लोकांनी एसएमएस झटकन आपलासा केला, टीटीवाय माळ्यावर गेलं. कायदा होता तसाच राहिला, पण ज्या यंत्रासाठी तो होता ते आता घरात नव्हतं. प्रगतीने मिळालेला हक्क काढून घेतला, असं मी म्हणेन.

अडचण तांत्रिकही होती, हे खरं. एसएमएस आधी साठवला जातो, मग पुढे पाठवला जातो. तो कधी पोहोचेल याची हमी नाही, सोबत ठिकाणही आपोआप जात नाही. केंद्रं तर हजारोंनी. आयोवातल्या ब्लॅक हॉक काउंटीने २००९ मध्ये पहिल्यांदा मेसेज घ्यायला सुरुवात केली. चार मोठ्या कंपन्या तयार व्हायला २०१२ चा डिसेंबर उजाडला.

आता संशोधनाचा मुद्दा. ९११ च्या नोंदवह्यांत हे हरवलेले मेसेज सापडणार नाहीत. जे आलंच नाही त्याची नोंद कोण करणार? म्हणून केंद्रांच्या आकड्यांवरून ‘मागणी नव्हती’ असा निष्कर्ष काढू नका. त्यापेक्षा एफसीसीकडे कर्णबधिरांच्या संघटनांनी दाखल केलेली निवेदनं वाचा. कंटाळवाणी असतात, पण मागणी तिथेच दिसते.

सप्टेंबर २०१३ अखेरपासून, सेवा नसेल तिथे कंपनीने लगेच तसा उलट मेसेज पाठवायचा, असा नियम आला. दुसरा मार्ग वापरा, असंही त्यात सांगायचं. दुसरा मार्ग कोणता? एफसीसीच्या माहितीपत्रकात दोन उदाहरणं आहेत: बोलून कॉल करा, किंवा रिले सेवा वापरा. रिले सेवेत मध्ये तिसरा माणूस असतो.