एसएसडी आली म्हणून हार्ड डिस्क टाकून द्यायची का?

संगणक सुरू व्हायला तीन-चार मिनिटे लागत असतील, तर अकोला-अमरावतीतला कोणताही दुरुस्तीवाला आज एकच सल्ला देईल : एसएसडी टाका. सल्ला बरोबर आहे. पण त्यावरून ‘एसएसडी नवी, म्हणून सगळ्याच बाबतीत सरस’ असा अर्थ काढला जातो, तो चुकीचा. रोजचे काम वेगळे आणि वर्षानुवर्षे जपून ठेवणे वेगळे.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. वाचणारे हेड योग्य जागी सरकेपर्यंत आणि तबकडी फिरून तिथे येईपर्यंत सेकंदाचा साधारण शंभरावा भाग जातो. ऐकायला हे काहीच नाही, पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली ठिकठिकाणाहून उचलाव्या लागतात. एसएसडीत फिरणारे काही नसते. सूक्ष्म कप्प्यांमध्ये विद्युतभार अडकवून माहिती साठवलेली असते आणि ती साधारण शंभरपट लवकर हाती येते. म्हणून दहा वर्षे जुन्या संगणकातही साटा जोडणीची साधी एसएसडी बसवली की फरक लगेच दिसतो. एनव्हीएमई एसएसडी कागदावर तिच्या कितीतरी पुढे असते. पण टॅली, टायपिंग आणि ऑनलाइन अर्जांच्या कामात तो जादा वेग फारसा जाणवत नाही. जुन्या मदरबोर्डवर तर तिच्यासाठी खाचही नसते.

धक्के सोसण्यातही एसएसडी पुढे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे एकपदरी डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. त्याआधी या रस्त्याने सुरू लॅपटॉप मांडीवर घेऊन जाणे हार्ड डिस्कच्या जिवावर बेतण्यासारखेच होते.

उन्हाळा आणि कपाट

आता दुसरी बाजू. कप्प्यात अडकवलेला विद्युतभार हळूहळू गळतो आणि उष्णतेत जास्त वेगाने गळतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषानुसार, लिहिण्याची मर्यादा पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने वीजपुरवठ्याविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. सर्व्हरसाठीच्या एसएसडीला ४० अंशांना तीनच महिन्यांची अट आहे. नवीन, कमी वापरलेली एसएसडी याहून बरीच जास्त टिकते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीतले कपाट रात्रीही तापलेले असते. लग्नाचे फोटो वापरून जुन्या झालेल्या एसएसडीत भरून अशा कपाटात दोन-तीन वर्षे विसरून जाणे धोक्याचे आहे. तिथे हार्ड डिस्क बरी, कारण चुंबकीय खुणांना टिकून राहायला वीज लागत नाही. शिवाय तेवढ्याच जागेसाठी ती पुष्कळ स्वस्त पडते. मात्र तीही कायमची नव्हे. वर्षातून एकदा जोडून फाइली उघडून पाहाव्यात.

आणि प्रत एकच ठेवली, तर साधन कोणते हा प्रश्नच गौण ठरतो. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. त्याची मूळ प्रत आज नाही. महानुभावांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या नकलांमुळे तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला. घरच्या कागदपत्रांची एक नकल हार्ड डिस्कवर आणि दुसरी नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर, एवढे तरी हवेच.

वीज गेली, फाइल उडाली

भारनियमनाचा फटका दोघींनाही बसतो. वीज गेली की हार्ड डिस्कचे हेड आपोआप सुरक्षित जागी जाऊन थांबते, पण लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. स्वस्त एसएसडीत अशा क्षणासाठी राखीव वीज साठवणारे कपॅसिटर बहुधा नसतात. त्यामुळे कोणती माहिती कुठल्या कप्प्यात आहे, याची तिची अंतर्गत नोंदच कधी बिघडते. डेस्कटॉपला यूपीएस लावणे हा त्यावरचा साधा उपाय.

बिघडताना हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी कुरकुरते, टकटक आवाज करते आणि नकल करून घ्यायला वेळ देते. एसएसडी अनेकदा काहीच न सांगता बंद पडते. चुकून पुसलेल्या फाइलींचेही तसेच. हार्ड डिस्कवर त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत जुनी फाइल परत मिळण्याची आशा असते. एसएसडीत मात्र ट्रिम नावाची सोय पुसलेले कप्पे मोकळे करायला लावते, आणि एकदा ते रिकामे झाले की दुरुस्तीवाल्याच्याही हाती काही लागत नाही.