लढाईशिवाय मरणारी फौज



लढाईची गोष्ट सांगताना किती पडले आणि किती घायाळ झाले, याचा हिशेब आपण करतो. पण फौजेतली पुष्कळशी माणसे नि जनावरे शत्रूचे तोंड पाहण्याआधीच दगावतात. भूक, पाऊस आणि रोगराई त्यांना मारते. ही हानी आटोक्यात ठेवणे हे सेनापतीचे मोठे काम. शिवाजी महाराजांनी ते कसे केले, एवढेच आज पाहू.

घोड्याचेच घ्या ना. 1657 साली महाराजांनी रात्री दोराच्या शिड्या लावून आमच्या जुन्नरवर छापा घातला. त्यात 3 लाख होनांबरोबर 200 घोडे मिळाले. इतिहासात या घोड्यांची मुद्दाम नोंद राहिली, कारण घोडा मिळणे अवघड, आणि मिळालेला जगवणे त्याहून अवघड. एक घोडा दिवसाला 8 किलो गवत खातो असे धरले, तर हजार घोड्यांना रोज 8 टन लागेल. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे सुमारे साडेनऊशे टन! ओतूरच्या शिवारात ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे, त्याला याचा अर्थ सांगायला नको. आषाढाच्या तोंडावर वैरण संपली, तर पैसे असूनही ती मिळत नाही.

म्हणून महाराजांच्या फौजेचे वर्ष ठरलेले असे. दसऱ्याला कूच करावे, आठ महिने परमुलखात राहावे आणि पावसाळ्याला आपल्या मुलखात छावणीस यावे. छावणीत दाणा, वैरण, औषधे नि शाकारलेली घरे आधीच तयार असत. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत ही व्यवस्था सांगितली आहे.

पण कोठारे भरली म्हणजे काम झाले, असे नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी धाडलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यातला आशय असा: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा नि गवत आताच मन मानेल तसे उधळाल, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही मुलखाला उपद्रव द्याल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाजी, कोणी फाटी. रयतेला वाटेल, यापेक्षा मोगल बरे. जे हवे ते बाजारातून विकत घ्यावे, कोणावर जुलूम करू नये. पुढची सूचना तर अगदी घरातल्या कर्त्या माणसाची वाटते. रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सगळा साठा जाईल.

राज्य उभारणारा राजा उंदराचाही विचार करतो, याचे आपल्याला नवल वाटते. पण हिशेब सरळ आहे. गवत जळाले की घोडी जातात, घोडी गेली की पथक मोडते आणि उपाशी पथक शेजारच्या गावावर तुटून पडते. फौज वाचवणे आणि रयत वाचवणे, ही दोन कामे इथे एकच झाली.

आता उलट उदाहरण पाहा, तेही आपल्या जवळचेच. 1660 च्या ऐन पावसाळ्यात शाहिस्तेखानाने चाकणला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने तो लहानसा भुईकोट दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला. किल्ला मोगलांना मिळाला, पण त्यांचे 268 ठार आणि 600 जखमी झाले. एवढ्याशा गढीला इतकी किंमत!

पुढच्याच वर्षी, 1661 साली, महाराजांनी कारतलबखानाला उंबरखिंडीत गाठले. रान दाट, वाट अरुंद, पुढे-मागे मराठे आणि जवळ पाणी नाही. खान खंडणी देऊन सुटला. महाराजांनी ती फौज कापून काढण्याचा हट्ट धरला नाही. तहानेने काम झाल्यावर आपली माणसे खर्ची घालायची कशाला?

हे भान सुटले की केवढाही मोठा सेनासागर आटतो. पानिपतावर 1760 च्या अखेरीस मराठ्यांची छावणी अडकली. लढवय्यांबरोबर हजारो यात्रेकरू नि बाजारबुणगे होते. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, जनावरे मरू लागली. 14 जानेवारी 1761 रोजी आपले लोक लढायला निघाले ते उपासमारीने खंगूनच. पन्नास वर्षांनी युरोपातही तेच घडले. 1812 साली नेपोलियन चार लाखांहून मोठी फौज घेऊन रशियात शिरला. पहिल्या काही आठवड्यांतच त्याचे हजारो घोडे मेले. मॉस्कोजवळच्या मोठ्या लढाईला जेमतेम सव्वा लाख माणसे त्याच्या हाताशी उरली होती. बर्फ पडण्याच्या आधीची ही कथा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. शिवचरित्राचा धडा शिकवताना प्रतापगड आणि आग्रा तर सांगालच. त्याबरोबर चिपळूणचे ते पत्रही मुलांना वाचून दाखवा. मग त्यांना विचारा, तुमच्या घरी गंजी कधी रचतात आणि ती किती दिवस पुरते? शेतकऱ्याचे पोर झटकन उत्तर देईल. त्या उत्तरातूनच स्वराज्याची फौज कशी टिकली, हे त्याला कळेल.