पलटणीचं घड्याळ

आमच्या कळमनुरी तालुक्यात कुणाच्या घरात साखळीचं जुनं घड्याळ निघालं की त्याची कुळकथा ठरलेली असते. पणजोबा हिंगोलीच्या छावणीत होते, साहेबानं खूश होऊन दिलं. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो तेव्हापासून मला या घड्याळांचा नाद, आणि आता निवृत्त माणूस म्हटल्यावर लोक ती पिशवीत घालून घरी घेऊन येतात. पणजोबा खरे असतात, छावणीही खरी. घड्याळ मात्र बहुधा तिथलं नसतं.

छावणीला पुरावा लागत नाही. हिंगोलीत रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं अजून रोजच्या बोलण्यात आहेत. फौज निजामाच्या नावाची, अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. मुख्य ठाणं बोलारमला. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, एलिचपूर आणि हिंगोली या तिच्या छावण्या. तिचा खर्च निजामाकडून वेळेवर येईना, थकबाकी साठत गेली, आणि त्यापायी १८५३ साली वऱ्हाड कंपनीच्या हाती गेला. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात मिसळून टाकली. इथली छावणी तेव्हाच उठली.

आता रिसाल्यातल्या सवाराकडे बघा. पद्धत शिलेदारी. घोडा त्याचा, खोगीर त्याचं, सरकारकडून पगार. ज्या सरकारनं घोडा दिला नाही ते घड्याळ कशाला देईल? छावणीत वेळ बिगुलावर आणि पहाऱ्यावरच्या तासाच्या टोल्यांवर चाले. घड्याळ साहेबाच्या खिशात, आणि तेही त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेलं.

आणि त्यात वाजत तरी किती असतील? भारतीय प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ ला, म्हणजे छावणी उठल्यावर. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावे, ती आजच्या वेळेच्या नऊ मिनिटं मागे. आमच्या कळमनुरीचा सूर्य तर प्रमाणवेळेच्या एकवीसेक मिनिटं मागे असतो. पाच मिनिटांच्या उशिरासाठी ड्रायव्हर-कंडक्टरशी जन्मभर वाद घातलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब फार आवडतो.

मग लोक आणतात ती घड्याळं कुठली? सगळ्यात जास्त येतं ते मागच्या झाकणावर आगगाडीचं इंजिन कोरलेलं, जाडजूड आणि टिकटिक शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं. ते रॉस्कोफ धर्तीचं. गेओर्ग रॉस्कोफ या स्वित्झर्लंडमधल्या कारागिरानं १८६७ च्या सुमारास गरिबाला परवडेल असं घड्याळ बाजारात आणलं. चाकं कमी, माणकांऐवजी धातूच्या पिना, नक्षीकामाला फाटा. पुढे त्याच्या नकला अमाप झाल्या. इंजिनाचं चित्र म्हणजे नुसती जाहिरात. ते रेल्वेनं दिलेलं असतंच असं नाही, आणि फौजेशी त्याचा काही संबंध नाही. पूर्णेहून हिंगोलीला गाडी १९१२ साली आली. अशी घड्याळं त्यानंतर इकडे वाढली असावीत, असा माझा अंदाज.

दुसरं येतं ते वेस्ट एंड कंपनीचं. माल स्विस, पेढी मुंबईची. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या हिंदी शिपायांत या नावाला मोठा मान होता, आणि त्यांच्या एका घड्याळाचं नावच ‘सोवार’, म्हणजे आपला सवार. हे खरं पलटणीचं घड्याळ म्हणायला माझी हरकत नाही, मात्र ते शिपायानं पगारातून घेतलेलं. त्याच युद्धात, १४ जुलै १९१६ ला, कंटिंजंटच्या रिसाल्याचा वारस असलेला विसावा डेक्कन हॉर्स फ्रान्समध्ये सोमच्या रणात हाय वुडपाशी भाले घेऊन तुटून पडला. खंदकांच्या त्या लढाईत हल्ल्याची वेळ मिनिटावर ठरे. साखळी ओढून घड्याळ काढायला तिथं हात मोकळा कुठला, म्हणून घड्याळ मनगटावर चढलं आणि खिशातल्याचे दिवस भरत आले.

सरकारनं दिलेल्या घड्याळाच्या पाठीवर रुंद बाण असतो, ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण, आणि खाली क्रमांक. ते शौर्याचं बक्षीस नव्हे. ज्याचं काम मिनिटाशी बांधलेलं त्याला ते हिशेबानं मिळे आणि परत द्यावं लागे. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा घड्याळांवर जी.एस.टी.पी. अशी अक्षरं दिसतात; बहुतेक संग्राहक त्याचा अर्थ ‘जनरल सर्व्हिस टाइम पीस’ असा लावतात. जेगर-लकूल्त्र, सायमा, हेल्वेशिया, वॉल्थॅम अशा कारखान्यांचा तो माल. युद्ध संपल्यावर उरलेला साठा विक्रीला निघाला. म्हणून बाणाचं घड्याळ घरात असलं तरी घरातलं कुणी फौजेत होतंच असं धरू नये.

बाणही आता बाजारात नवा कोरून मिळतो. भिंगाखाली धरा. जुन्या रेघेच्या कडा झिजून बोथट झालेल्या असतात आणि आत मळ घट्ट बसलेला असतो; नव्या रेघेची कड नखाला लागते. काटे आणि आकडे पिवळट-तपकिरी दिसत असतील तर ते बहुधा रेडियम. आता अंधारात चमकत नसलं तरी त्यातला किरणोत्सार संपलेला नसतो. काच काढून चाकूनं खरवडू नका आणि पोरांच्या हाती तर देऊच नका.